तळहाताचा फोड

तुझा नको, मारालमा. त्याचा तळहात घे.
बोटं जुळलेली, अंगठ्यासकट;
एवढा एक म्हणजे शंभरातला एक.
मनातल्या मनात ठेव त्याच्या अंगावर आणि मोज.
नुसती लाली धरू नकोस.
मानेवर दोन. छातीवर पाच.
डावा दंड, थेट काखेपर्यंत, साडेतीन.
हनुवटी अर्धी.
अकरा.
पुन्हा मोज. घाबरलेले डोळे जास्त मोजतात,
दमलेले कमी.

वजन नऊ किलो चारशे. वय चौदा महिने.
नाव तुगुल्दुर, नीट लिही;
खालच्या मजल्यावरून 'मुलगा, सूप'
एवढंच लिहून आलंय.

आता बोटाने हलकेच दाब.
पांढरं पडतं, सोडलं की गुलाबी परत येतं.
इथे आलं. इथेही.
काखेजवळ नाही आलं.
आणि तिथे तो ओरडलाही नाही, पाहिलंस?
जी जागा रडत नाही
तिचं भय बाळग.

बाहेर उणे एकतीस.
टेकडीवरच्या गेरांमधून कोळशाचा धूर
उलानबातरवर उतरून बसलाय.
त्यांचं गेर मी पाहिलेलं नाही, पण मला पाठ आहे:
नमद्याच्या गोल भिंती, मधोमध चूल,
चुलीशेजारी जमिनीवरच विजेचं पातेलं,
त्यात मेंढीचं मटण रटरटतंय,
आणि कोणीतरी नुकतंच चालायला शिकलंय.
एकवीस हिवाळे झाले,
पातेलं तेच आहे.

वीस मिनिटं वाहतं पाणी धरलं का?
विचारायचं असतं, म्हणून विचारलं.
सोलोंगो म्हणाली, नळ नाही.
पाण्याची टपरी सहाला बंद होते.
कॅनच्या तळाशी बोटभर होतं, ते ओतलं.
मग दारातला बर्फ आणून
चोळला.

भुवई खाली घे, मारालमा.
'बर्फ लावला' इतकंच लिही.
चुकीला रकाना आहे आपल्या तक्त्यात,
नळ नसण्याला कोणी आखलेला नाही;
ते समासात लिही, ठळक.

सलाईन लावलंय. प्रत्येक लंगोट वजन करून ठेव,
तासाला नऊ-दहा मिली तरी हवं.
या खोलीत मूल मुतलं की
आम्ही एकमेकींकडे बघून हसतो,
तुलाही सवय होईल.
पट्टी बदलण्याआधी दुखण्याचं औषध,
आणि मग खरोखर थांबायचं.
घाई आपल्याला असते, औषधाला नसते.
मान मागे झुकती ठेव, उशी काढ,
नाहीतर कातडी धरेल हनुवटीला छातीशी
आणि उन्हाळ्यात त्याला आभाळ दिसणार नाही.

पहाटे चारला मी तिला चहा दिला,
दुधाचा, खारट.
तिने डाव्या हाताने घेतला.

आमच्यात कोणी असं घेत नाही.

उजवा तिच्या देलच्या लांब बाहीत होता,
नऊ तासांपासून.
खालच्या दोन डॉक्टरांनी, एका चालकाने,
आणि मी, जी तुला मोजायला शिकवते आहे,
कोणीच तो मागितला नव्हता.
मी बाही मागे सारली.
पातेलं आणि मूल यांच्यामध्ये
जो हात गेला होता, तो हा.
बोटं सुजलेली, आणि तळव्यावर
पाण्याने टच्च भरलेला एकच मोठा फोड.
दुखतं का, म्हटलं.
ती म्हणाली, त्याला झोप लागली का?

तळहाताच्या फोडासारखं जपलं तिने पोराला.
फोडाला जपायचं
राहून गेलं.

नवा कागद घे.
सोलोंगो. वय सव्वीस.
उजवा तळहात, बोटांसकट:
शंभरातला एक,
तिच्याच मापाने.

आणि तो चहा निवलाय,
असू दे. पुन्हा तापवू नकोस.
आज तिला कोमटच दे.